मॅकला, लिनक्सला चालणारा राऊटर कुठला?

"मॅकला चालणारा राऊटर दाखवा" किंवा "लिनक्सवर चालेल ना हा?" असं दुकानात विचारणारी मंडळी आता कोल्हापुरातपण बरीच भेटतात. प्रश्न रास्तच आहे, प्रिंटर घेताना हे बघावंच लागतं की. पण राऊटरचं तसं नाही. वायफाय चालतं ८०२.११ नावाच्या मानकावर, ते पहिल्यांदा १९९७ ला ठरलं, आणि त्यात तुमच्या कॉम्प्युटरवर कुठली सिस्टिम आहे (विंडोज, मॅकची की लिनक्स) याचा संबंधच येत नाही. ॲपल स्वतःचे एअरपोर्ट राऊटर विकायची तेव्हा त्यावर विंडोजचे लॅपटॉप पण चालायचे, आणि २०१८ ला ॲपलनं ते राऊटर बंद केले तरी मॅकवाल्यांचं काही अडलं नाही. लिनक्सवाल्यांनी तर काळजीच करू नये, कितीतरी घरगुती राऊटरच्या आत लिनक्सच असतं.

मग अडतं कुठं? बहुतेक वेळा कॉम्प्युटरमधल्या वायफाय कार्डावर. इंटेलच्या कार्डांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) असतात पण ब्रॉडकॉमची काही कार्डं आणि रिअलटेकचे काही यूएसबी डोंगल (बाहेरनं लावायची वायफाय कार्डं) यांना वेगळा ड्रायव्हर शोधून टाकावा लागतो, आणि लोक राऊटर बदलत बसतात, पैसे वाया. डोंगल घेताना आतली चिप कुठली ते आधी विचाराच. दुसरं म्हणजे पासवर्डची सुरक्षा. डब्ल्यूपीए३ ही त्यातली नवी पद्धत आली २०१८ ला, विंडोज ७ ला ती कळत नाही, म्हणून घरात जुना पीसी असेल तर आधीची डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही एकत्र चालणारा मोड राऊटरमध्ये आहे का बघा. आणि सेटिंग ब्राउझरमधून करता येतं का, की फक्त मोबाईल ॲपवरच, हेही विचारा. माझं मत विचाराल तर ब्राउझरवालाच घ्या, तो कुठल्याही सिस्टिमवरनं उघडतो.

खरा पैसा घालवायचा तो भिंती बघून. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, ती भिंतीतनं बऱ्यापैकी पार होते. ५ गिगाहर्ट्झवर स्पीड जास्त मिळतो पण भिंत आली की सिग्नल लवकर पडतो. राजारामपुरीतल्या एखाद्या फ्लॅटला एक ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्हीवर चालणारा) राऊटर मधल्या खोलीत उंचावर ठेवला की भागतं, पण शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांच्या दगडामातीच्या जाड भिंती, त्यात आपल्याकडचा पाऊस, भिंतीत ओल धरली की पाणी या लहरी आणखी शोषतं. तिथं चार-सहा अँटेनावाला महागडा राऊटर घेऊनसुद्धा मागच्या खोलीत नेट रडतच राहणार. त्यापेक्षा दोन साधे घ्या, मधे लॅन केबल टाका, दुसरा ॲक्सेस पॉइंट मोडवर (पहिल्याचंच नेट पुढं पसरवायला) ठेवा आणि दोन्हीला नाव-पासवर्ड एकच द्या, म्हणजे मॅक असो विंडोज असो, आपला आपण जवळचा सिग्नल पकडतो.