गुणवत्ता मंडळ

एकाच विभागात काम करणाऱ्या साधारण सहा ते बारा जणांचा, आपल्याच कामातल्या अडचणी शोधून त्या सोडवणारा गट. कारखान्यात ‘गुणवत्ता मंडळ’ म्हटले तर कोणाला चटकन कळणार नाही. तिथे ‘क्वालिटी सर्कल’ हेच नाव रुळले आहे.

पद्धत जपानची. १९६२ साली जपानी शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघाने फोरमनांसाठी गुणवत्ता नियंत्रणावरचे नियतकालिक काढले. ते एकत्र वाचण्यासाठी गट करावेत, या कल्पनेतून ही मंडळे उभी राहिली. तिचे प्रणेते काओरू इशिकावा. कारणांचा माग काढणारी, माशाच्या सांगाड्यासारखी आकृतीही त्यांचीच. भारतात १९८० च्या सुमारास ‘भेल’च्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) हैदराबाद कारखान्यात सुरुवात झाली, १९८२ मध्ये ‘क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया’ स्थापन झाला.

कामगार यात का पडतो? बक्षिसासाठी, असे व्यवस्थापनाला वाटते. पण पहिले कारण बहुधा रोजची कटकट हेच असते. ड्रिलिंगच्या फिक्श्चरमध्ये, म्हणजे जॉब (भोक पाडायचा सुटा भाग) पकडून ठेवणाऱ्या साच्यात, जॉबखाली धातूचा कीस अडकतो, भोक सरकते, जॉब रिजेक्ट होतो आणि बोलणी ऑपरेटर खातो. कीस पडून जायला फिक्श्चरला खाच हवी, हे त्याला कधीचे माहीत असते. विचारलेले नसते कोणी. मंडळात ते बोलता येते. आठ दिवसांत टूलरूममधून खाच मारून आली, तर पुढच्या बैठकीला तो न बोलावता येतो. ‘बघू’ म्हणून सूचना फायलीत गेली, तर हजेरीपुरता उरतो. नकारसुद्धा कारणासकट आणि लवकर मिळाला तर चालतो.

दुसरी गोष्ट भीतीची. रिजेक्शन स्वतःहून दाखवले तर मेमो मिळणार का? काम सोपे झाले म्हणून लाइनवरचा एक माणूस कमी होणार का? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत युनियन अशा मंडळांकडे संशयाने पाहते, आणि ते रास्तच आहे. अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांच्या व्यवस्थापनाच्या १४ सूत्रांत ‘भीती घालवा’ हे आठवे, तर कामगारांसाठीच्या घोषणा आणि उपदेश काढून टाका हे दहावे. तरीही गुणवत्तेच्या घोषवाक्यांचे फलक आपल्या शॉप फ्लोअरवर आवडीने लावले जातात.

कौतुकाची ओढही खोटी नसते. एरवी मशीनसमोर गप्प उभा राहणारा माणूस मंडळांच्या अधिवेशनात माइक धरून स्वतःची केस स्टडी मांडतो, तेव्हा रोख रकमेचा आकडा दुय्यम होतो.

सहभाग ऐच्छिक, हे तत्त्व मात्र कागदावर सोपे. बढतीच्या वेळी मंडळातले काम मोजले जात असेल, तर नाही म्हणणार कोण? टोयोटाच्या एका कर्मचाऱ्याच्या अतिश्रमाने झालेल्या मृत्यूच्या खटल्यात जपानच्या नागोया जिल्हा न्यायालयाने २००७ मध्ये मंडळाच्या कामात गेलेला वेळ कामाचाच वेळ धरला. त्यानंतर २००८ मध्ये कंपनीने या तासांचा पूर्ण ओव्हरटाइम देण्याचा निर्णय घेतला.