कोंडा (डोक्यातील) व त्यावरील घरगुती उपाय

डोक्याच्या त्वचेचा मृत थर डोळ्यांना दिसतील एवढ्या पापुद्र्यांनी सुटू लागला की त्याला कोंडा म्हणतात. सोबत बहुधा खाज असते. लाली नसते किंवा अगदी थोडी असते. सेबोऱ्हिक डर्मटायटिस या त्वचादाहाचे हे सौम्य रूप मानले जाते. दाह वाढला तर तो भुवया, नाकाच्या बाजू, कानामागची घडी आणि छातीपर्यंत उतरतो. डोक्यातल्या तेलग्रंथी वयात येताना कामाला लागतात, म्हणून कोंड्याची तक्रारही त्याच सुमारास सुरू होते. तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. एकाच फणीने तो घरभर पसरतो ही समजूत चुकीची आहे, कारण त्यामागची बुरशी जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या डोक्यावर आधीपासूनच असते.

मराठी घरांत कोंडा दिसला की पहिले वाक्य ठरलेले असते : ‘डोकं कोरडं पडलंय, तेल घाल.’ टाळू खरोखरच कोरडी पडली असेल तर हा सल्ला योग्य आहे. खऱ्या कोंड्यात मात्र तो अर्धाच उपाय ठरतो, आणि तेल लावून दोन-तीन दिवस तसेच ठेवले तर उलट अपायच होतो. घरगुती उपायांचा विचार या फरकापासूनच सुरू व्हायला हवा.

कारण

कोंड्याशी संबंधित बुरशी यीस्टच्या जातीची असून तिचे नाव मॅलॅसेझिया. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-शार्ल मालासे यांनी १८७४ मध्ये कोंड्याच्या पापुद्र्यांत तिच्या पेशी पाहिल्या. पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. या बुरशीला स्वतःची मेदाम्ले तयार करता येत नाहीत. ती डोक्यावरच्या तेलावर जगते. प्रयोगशाळेत तिला वाढवताना पोषणद्रव्यावर ऑलिव्ह तेलाचा थर देण्याची जुनी रीत आहे, आणि डोक्याला तेल चोपडताना आपण काय करत असतो याचा अंदाज त्यावरून येतो. तेल फोडून त्यातला हवा तो भाग ती वापरते. मागे उरते ते मुख्यतः ओलेइक आम्ल, आणि ते त्वचेच्या वरच्या थरात झिरपते. काहींच्या त्वचेला ते सोसते, काहींच्या नाही. ज्यांना सोसत नाही त्यांच्या त्वचेच्या पेशी घाईने तयार होतात, पुऱ्या पक्व होण्याआधीच वर येतात आणि एरवी एकेकट्या, न दिसता गळायच्या त्या गठ्ठ्याने सुटतात. म्हणूनच दोन भावांच्या डोक्यावर तीच बुरशी आणि तेच तेल असूनही एकाच्याच शर्टावर कोंडा पडलेला दिसतो.

थंडी, मानसिक ताण, अपुरी झोप आणि बरेच दिवस डोके न धुणे यांनी कोंडा वाढतो. अस्वच्छतेमुळे तो होतो असे नाही. रोज आंघोळ करणाऱ्यांनाही होतो. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण शाळेतल्या मुलींना आणि लग्नाच्या वयातल्या मुलामुलींना कोंड्यावरून ऐकून घ्यावे लागते, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नसतो.

कोरडी टाळू आणि कोंडा यांतील फरक

केसांचा भांग पाडून उजेडात टाळू पाहावी आणि नखाने अगदी हलके खरवडावे. कोरड्या टाळूचा भुगा बारीक, पांढरा आणि सुका असतो. तो नखावरून फुंकरीने उडतो. अशा वेळी बहुधा हातपायांची त्वचाही उललेली असते आणि थंडीचे किंवा कडकडीत पाण्याने न्हाण्याचे दिवस असतात. खऱ्या कोंड्याचे पापुद्रे मोठे, किंचित पिवळसर आणि तेलकट असतात. ते नखाखाली चिकटून बसतात, आणि तिथली त्वचा कोरडी नसून ओशट लागते.

तिसरा प्रकार फसवा असतो. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात बोअरचे पाणी जड असते. अशा पाण्यात अंगाच्या साबणाने डोके धुतले की साबण आणि पाण्यातले कॅल्शियम यांचा न विरघळणारा साका तयार होतो, आणि तो केसांच्या मुळाशी पांढुरका थर धरतो. वाळल्यावर तो कोंड्यासारखाच झडतो. यावर औषध लागत नाही. साबण बंद करून शिकेकाई किंवा शाम्पू वापरला की तो थांबतो. उवांची अंडीही, म्हणजे लिखा, लांबून कोंड्यासारख्या दिसतात. पण लिख केसाला घट्ट चिकटलेली असते, कोंडा बोटाने सहज सरकतो.

तेल आणि शिकेकाई

आठवड्यातून एकदा तेल चोळून न्हाण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र होती. नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान हे तिचेच सणाचे रूप. या रीतीत तेल आणि धुणे ही जोडी कधी तुटत नसे. रात्री किंवा पहाटे तेल जिरवायचे, मग शिकेकाईने डोके खसखसून धुवायचे. तेलाने पापुद्रे मऊ होऊन सुटत, शिकेकाई ते तेलासकट काढून टाकी. नंतरच्या पिढ्यांनी तेल ठेवले आणि ते पुरते काढून टाकणारे न्हाणे सैल केले. रोज सकाळी तळहातावर तेल घेऊन भांग पाडायचा आणि डोके आठ-दहा दिवसांनी धुवायचे, ही सवय कोंडा असलेल्याला सर्वांत वाईट.

शिकेकाईच्या शेंगांत सॅपोनिने असतात. ती पाण्यात फेस धरतात आणि तेल सोडवतात, पण जड पाण्यातही साबणासारखा साका धरत नाहीत. घरी शिकेकाई करण्याची पद्धत साधी आहे. शेंगा फोडून बिया काढतात, साली रात्रभर पाण्यात भिजवतात, सकाळी त्याच पाण्यात उकळून हाताने कुसकरतात आणि फडक्यातून गाळतात. गाळणे टाळले तर सालीचे कण केसांत अडकतात आणि वाळल्यावर त्यांचाच कोंडा वाटतो. फेस पातळ असतो, शाम्पूसारखा भरघोस येत नाही, म्हणून एक हात पुरत नाही. तेलकट डोक्याला दोनदा लावावी लागते. डोळ्यांत गेली तर फार झोंबते. रिठा तेल अधिक काढतो, पण केस राठ करतो, त्यामुळे तो थोडाच घालावा.

सुगंधी शिकेकाईच्या पुडीत आवळकाठी, नागरमोथा, गव्हला, कचोरा, मेथ्या, संत्र्याची वाळलेली साल असे जिन्नस असतात. काष्ठौषधींच्या दुकानात ते सुटे मिळतात. ती दळताना भुकटी नाकात जाऊन शिंका आणि ठसका लागतो, म्हणून तोंडाला फडके बांधून दळावी. या मिश्रणात कोंड्याच्या दृष्टीने काम करते ती शिकेकाई. बाकीचे बरेचसे वासासाठी आणि केसांच्या मऊपणासाठी असते.

कोणते तेल, हा प्रश्न नेहमी येतो. खोबरेल तेलातील मेदाम्लांपैकी जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते आणि ओलेइक फार थोडे. ऑलिव्ह तेलात ओलेइकच सर्वाधिक असते, म्हणून कोंड्यावर कोमट ऑलिव्ह तेल लावण्याचा परदेशी मासिकांतून आलेला सल्ला घेऊ नये. खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी होते हे मुंबईत झालेल्या संशोधनातून २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तो केसांचा फायदा आहे, टाळूचा नव्हे. कोंडा असलेल्याने खोबरेल तेल न्हाण्याआधी तासभर लावावे आणि त्याच दिवशी पुरते धुऊन काढावे. कोरड्या टाळूला मात्र रात्रभर तेल चालते.

स्वयंपाकघरातील इतर उपाय

दही आणि ताक यांत लॅक्टिक आम्ल असते, आणि ते मृत पापुद्रे सैल करते. दह्यातली साय मात्र तेलाचीच भर घालते, म्हणून तेलकट कोंड्यावर लोणी काढलेले आंबट ताक दह्यापेक्षा सरस. अर्धा तास ठेवून धुवावे. कोमट पाण्याचे दोन तांबे जास्त घेतले तर वास राहत नाही.

लिंबाबद्दल सावधगिरी हवी. लिंबाची फोड थेट टाळूवर घासण्याची पद्धत सर्रास आढळते. हा रस तीव्र आम्लाचा असतो, आणि खाजवून सोललेल्या त्वचेवर तो आग करतो. रस कपाळावर, मानेवर ओघळला आणि मग उन्हात जाणे झाले तर तिथे काळे डाग पडतात, कधी फोडही येतात. लिंबातल्या काही द्रव्यांमुळे त्वचा उन्हाला तीव्र प्रतिक्रिया देते. वापरायचेच असेल तर अर्ध्या लिंबाचा रस मोठ्या तांब्याभर पाण्यात घालून शेवटच्या पाण्यासारखा ओतावा आणि वर साधे पाणी घ्यावे.

मेथ्या रात्रभर भिजवून वाटल्या की बुळबुळीत लगदा होतो. हा चिकट अंश टाळूवर ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे कोरड्या टाळूची खाज त्याने शमते. बुरशीवर त्याचा भरवसा धरता येत नाही. कोरफड याच कामाला अधिक सोयीची. पान कापल्यावर ते उभे धरून पिवळा चीक गळू द्यावा, कारण तो त्वचेला झोंबतो. मग साल काढून आतला पारदर्शक गर घ्यावा.

मधावर एक छोटा पण उल्लेखनीय प्रयोग झाला आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सेबोऱ्हिक डर्मटायटिसच्या ३० रुग्णांना थोडे पाणी घातलेला मध दिवसाआड डोक्याला लावून तीन तास ठेवायला सांगितले होते. खाज आणि पापुद्रे दोन्ही कमी झाले. टी ट्री या ऑस्ट्रेलियातील झाडाच्या पानांपासून काढलेल्या तेलाचा पुरावा याहून भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात १२६ जणांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या तेलाच्या ५ टक्के शाम्पूने कोंड्याची तीव्रता ४१ टक्क्यांनी घटली, तर औषधाविना शाम्पूने ११ टक्क्यांनी. हे तेल आपल्याकडचे नाही आणि नुसते कधीच लावू नये. शाम्पूत मिसळूनच वापरावे.

कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी गावोगाव वापरतात. प्रयोगशाळेत कडुनिंब बुरशीला रोखतो, पण कोंड्यावर माणसांत झालेल्या चाचण्या तुटपुंज्या आहेत. खोबरेल तेलात कापूर विरघळवून लावल्याने थंडावा येतो आणि खाज काही काळ थांबते; तेवढ्यासाठी मोठ्यांनी लावायला हरकत नाही. लहान मुलांना कापूर अजिबात लावू नये. तो पोटात गेल्यास झटके येतात, आणि असे तेल घरात मुलांच्या हाती लागेल असे ठेवणेही धोक्याचे. कांद्याचा रस, खाण्याचा सोडा आणि मीठ टाळूला झोंबतात, आणि त्यांचा उपयोग सिद्ध नाही.

आयुर्वेदात

सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे किरकोळ रोगांच्या वर्गात, ‘दारुणक’ नावाचा विकार येतो. केसांची भूमी कठीण, खाजरी व रूक्ष होऊन फुटते, आणि हे कफ व वात यांच्या प्रकोपाने होते, असे त्याचे वर्णन आहे. पुढच्या काळातील ग्रंथांत त्यावर दुधात वाटलेल्या खसखशीचा लेप, माक्याच्या रसात सिद्ध केलेली तेले असे उपाय सापडतात. गुंजेच्या बियांचे तेलही सांगितले आहे, पण गुंज अत्यंत विषारी असते, त्यामुळे ते घरी करू नये.

तान्ह्या मुलांची टाळू

जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच बाळांच्या टाळूवर पिवळसर, चिकट खपल्या धरतात. बाळाला त्याचा त्रास नसतो आणि काही महिन्यांत त्या आपोआप जातात. टाळू भरण्याची आपली रीत इथे उपयोगी पडते, फक्त तेल दिवसभर तसेच ठेवू नये. आंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटे थोडे खोबरेल तेल लावावे, मऊ ब्रशने किंवा फडक्याने हलके पुसावे आणि धुवावे. नखाने खपली उचकटल्यास जखम होऊन ती चिघळते.

औषधी शाम्पू आणि डॉक्टर

घरगुती उपायांनी तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही तर औषधी शाम्पू घ्यावा. २ टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरतात. झिंक पायरिथिऑन आणि सेलेनियम सल्फाइड यांचेही शाम्पू मिळतात. ‘शाम्पूचा काही उपयोग झाला नाही’ अशी तक्रार असते तेव्हा बहुतेकदा फेस लगेच धुतलेला असतो. फेस केसांवर नव्हे तर टाळूवर तीन ते पाच मिनिटे राहिला पाहिजे. तेल लावलेल्या डोक्याला आधी साध्या शाम्पूचा एक हात द्यावा आणि मग औषधी शाम्पू लावावा. कोंडा मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो, म्हणून बरे वाटल्यावरही आठवड्या-पंधरवड्यातून एकदा तो वापरत राहावे. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे लोशन आणून लावू नये.

काही वेळा कोंडा समजून दुसऱ्याच आजारावर लिंबू-दही चालू राहते. जाड, चंदेरी खवले केसांच्या रेषेबाहेर कपाळावर किंवा कोपरा-गुडघ्यांवर असतील तर तो सोरायसिस असू शकतो. काळ्या मेंदीनंतर लगेच खाज सुटून टाळू ओलसर झाली तर तो तिच्यातल्या रंगद्रव्याचा दाह असण्याची शक्यता जास्त. शाळकरी मुलाच्या डोक्यावर पापुद्र्यांसोबत केस तुटून चकंदळे पडली असतील तर ते खवडे, म्हणजे डोक्यातला गजकर्ण. तो मात्र एकाचा दुसऱ्याला लागतो, आणि नुसत्या लेपांनी व शाम्पूंनी बरा होत नाही. बुरशीनाशक औषध कित्येक आठवडे पोटातून द्यावे लागते, आणि उशीर झाल्यास त्या जागी केस कायमचे जाऊ शकतात.