जेरुसलेमचा मुफ्ती नेमायचा कोणी?

अल-अक्सा मशिदीच्या आवारात काही घडले की बातमीत तीन नावे हमखास येतात: जेरुसलेमचे मुफ्ती, जॉर्डनचे वक्फ (धर्मादाय मालमत्ता) खाते आणि इस्रायली पोलीस. या तिघांपैकी नक्की अधिकार कोणाचा, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतोच. हा गुंता १९६७ च्या युद्धाने वाढवला हे खरे, पण त्याची पहिली गाठ बसली ती ब्रिटिश फौजा जेरुसलेममध्ये शिरल्या तेव्हा, डिसेंबर १९१७ मध्ये.

त्याआधीची चारशे वर्षे पॅलेस्टाईनवर ऑटोमन सुलतानाचे राज्य होते. सुलतान मुसलमान, शिवाय खलिफा. काझी इस्तंबूलहून नेमले जात, त्या साऱ्या उतरंडीच्या शिरोभागी शेख-उल-इस्लाम असत, आणि मोठ्या वक्फांचा कारभारही राजधानीतल्या खात्याकडेच होता. गावोगावचा मुफ्ती हा धार्मिक प्रश्नावर मत, म्हणजे फतवा, देणारा विद्वान. त्याच्या मताला मान होता, पण ते अमलात आणायला हाताशी काही नव्हते. निवाडा काझीच करी. जेरुसलेमच्या मुफ्तीला इतर गावांच्या मुफ्तींपेक्षा थोडा अधिक मान मिळे, इतकेच. त्याचा हुकूम नाब्लुस किंवा हैफाच्या मुफ्तीवर चालत नसे.

ब्रिटिश आले आणि ही उतरंड वरून कापली गेली. काझीची नेमणूक मुसलमान राज्यकर्त्याकडून व्हावी, ही शरियतची जुनी अपेक्षा; आणि इथे राज्य ख्रिस्ती सत्तेचे. त्यातही ही सत्ता बाल्फोर जाहीरनाम्याने बांधलेली, ज्यूंना ‘राष्ट्रीय घर’ देण्याचे वचन देऊन बसलेली. १९२० मध्ये पहिले उच्चायुक्त म्हणून आले ते हर्बर्ट सॅम्युएल, स्वतः ज्यू आणि झिओनवादाचे, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचे घर उभारण्याच्या चळवळीचे, समर्थक. १९२२ च्या शिरगणतीत पॅलेस्टाईनची लोकसंख्या ७,५७,१८२ भरली. त्यात सुमारे ७८ टक्के मुसलमान. इतक्या लोकांचे काझी सॅम्युएल यांनी नेमले असते, तर त्या काझींचा निकाल कोणी मानला असता?

ब्रिटिशांनी यावर काढलेला तोडगा इजिप्तमधल्या अनुभवातून आला होता. जेरुसलेमचे लष्करी गव्हर्नर रोनाल्ड स्टॉर्स यांनी नोकरीची बरीच वर्षे कैरोत काढली होती, आणि तिथे अख्ख्या देशाचा एक मोठा मुफ्ती असे. १९०८ पासून जेरुसलेमच्या मुफ्तीपदावर असलेले कामिल अल-हुसैनी समजूतदार गृहस्थ होते, नव्या सत्तेशी जुळवून घेत होते. त्यांना ‘ग्रँड मुफ्ती’ केले गेले. जोडीला शरियत अपील कोर्टाचे अध्यक्षपद आणि वक्फांच्या मध्यवर्ती समितीची सूत्रेही दिली गेली. फतवा, निवाडा आणि वक्फाचा पैसा, ऑटोमन काळात वेगवेगळ्या हातांत असलेली ही तीन कामे एकाच माणसाकडे आली. ‘आम्ही धर्मात ढवळाढवळ करत नाही’ असे म्हणणाऱ्या राजवटीने केलेली ही फार मोठी ढवळाढवळ होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्च १९२१ मध्ये कामिल वारले. पुढे जे घडले ते जरा बारकाईने पाहावे लागते.

ऑटोमन रीतीप्रमाणे स्थानिक उलेमा (धर्मपंडित) आणि मान्यवर तीन नावे निवडून देत, आणि त्यांतला एक सरकार नेमी. एप्रिलमध्ये मतदान झाले. सर्वाधिक मते पडली हुसामुद्दीन जारल्लाह यांना. विद्वान म्हणून नाव असलेले हे उमेदवार हुसैनींच्या प्रतिस्पर्धी नशाशिबी घराण्याच्या गटाचे मानले जात. कामिल यांचे धाकटे सावत्र भाऊ अमीन अल-हुसैनी चौथे आले, म्हणजे नियमाप्रमाणे शर्यतीतून बाद. वय पंचविशीच्या आसपास, कैरोच्या अल-अजहरमध्ये थोडाच काळ शिक्षण, नंतर ऑटोमन सैन्यात अधिकारी. एप्रिल १९२० मध्ये नबी मूसाच्या यात्रेत ज्यूंविरुद्ध दंगल उसळली, त्यातल्या चिथावणीबद्दल त्यांना गैरहजेरीत दहा वर्षांची शिक्षा झाली होती. ती सॅम्युएल यांनीच माफ केली होती.

हुसैनी घराण्याने निकालाविरुद्ध रान उठवले. गावोगावहून अर्ज आले, भिंतींवर पत्रके लागली. एक वर्षापूर्वीच ब्रिटिशांनी याच घराण्यातल्या मूसा काझिम यांना महापौरपदावरून काढून नशाशिबींना बसवले होते. आता मुफ्तीपदही गेले असते तर तोल पार ढळला असता. मतदानाच्या सुमारास अमीन यांनी सॅम्युएल यांना भेटून, आपले आणि घराण्याचे वजन शांतता राखण्यासाठी खर्च करू, अशी ग्वाही दिली. मे महिन्याच्या पहिल्याच दिवशी जाफात दंगल पेटली आणि त्या ग्वाहीची किंमत एकदम वाढली. जारल्लाह यांची समजूत घालून त्यांचे नाव मागे घेण्यात आले. चौथे होते ते तिसरे झाले, आणि सॅम्युएल यांनी त्यांनाच पसंती दिली. नेमणुकीचे रीतसर पत्र निघाले नाही, सरकारी गॅझेटमध्ये नाव छापले गेले नाही. ज्या नेमणुकीचा कागद नाही ती रद्द करायलाही कागद सापडत नाही, हे ब्रिटिशांना पुढे सोळा वर्षांनी भोवले.

डिसेंबर १९२१ मध्ये सरकारी आदेशाने ‘सर्वोच्च मुस्लिम परिषद’ स्थापन झाली: एक अध्यक्ष आणि चार सदस्य. वक्फांचा कारभार, काझी-मुफ्तींच्या नेमणुका, इमाम-खतीब-शिक्षकांच्या नोकऱ्या, सारे तिच्याकडे. अध्यक्ष झाले हाजी अमीन. सदस्यांना मुदत होती. अध्यक्षाची मुदत आदेशात ठरलेलीच नव्हती. काझींचे पगार सरकारी तिजोरीतून, नेमणुकीला सरकारची मंजुरी, पण नाव सुचवणार परिषद. मुसलमान राज्यकर्त्याची रिकामी जागा अशी एका समितीने भरली.

परिषदेकडे पाहताना तिच्या अवतीभवती काय नव्हते, तेही लक्षात घ्यावे लागते. बहुसंख्य अरबांच्या हाती कायदेमंडळ नव्हते. १९२३ मध्ये घेतलेल्या निवडणुकीवर त्यांनी बहिष्कार टाकला, कारण त्या मंडळाला बाल्फोर वचनाला हात लावण्याची मुभाच नव्हती. राजकारणाचे दार बंद, धर्माचे उघडे. साहजिकच राजकारण धर्माच्या दारातून आत आले.

परिषदेने कामही केले, ते नाकारता येणार नाही. शाळा, अनाथालय, आणि सगळ्यांत मोठे म्हणजे अल-अक्सा आणि त्याच आवारातल्या ‘डोम ऑफ द रॉक’ या घुमटाची दुरुस्ती. तुर्की वास्तुकार कमालुद्दीन यांना बोलावले गेले आणि पैशासाठी शिष्टमंडळे देशोदेशी फिरली. एक हिंदुस्थानातही आले. हैदराबादच्या निजामाने देणगी दिली. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. मुंबईत मुख्यालय असलेल्या खिलाफत समितीचे नेते मौलाना मुहम्मद अली जानेवारी १९३१ मध्ये लंडनला वारले, त्यांना हाजी अमीन यांच्या पुढाकाराने अल-अक्साच्या आवारालगत दफन केले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात जेरुसलेममध्ये भरलेल्या जागतिक इस्लामी परिषदेला त्यांचे बंधू शौकत अली आणि कवी इक्बाल हजर होते. १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच मोडीत काढल्यावर दुनियेतले मुसलमान ज्या केंद्राच्या शोधात होते, ते जेरुसलेमला मिळवून देण्याचा हा प्रयत्न होता, आणि तो ब्रिटिशांनी नेमलेल्या माणसाने चालवला होता.

वक्फाच्या पैशातून १९२९ मध्ये ‘पॅलेस हॉटेल’ उभे राहिले. १९३६ मध्ये अरबांच्या बंडाची चौकशी करायला आलेल्या ब्रिटिश पील आयोगाने साक्षी घेतल्या त्या या इमारतीत.

शांततेची ग्वाही तोवर विरून गेली होती. ऑगस्ट १९२९ मध्ये पश्चिम भिंतीच्या, म्हणजे आवाराला लागून असलेल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, वादातून उसळलेल्या हिंसाचारात १३३ ज्यू आणि ११६ अरब मारले गेले. हेब्रोनमध्ये शेजाऱ्यांनी शेजारी कापले. भिंतीचा प्रश्न मशिदींतून पेटवत नेल्याची जबाबदारी परिषदेला झटकता येत नाही. जानेवारी १९३५ मध्ये जेरुसलेममध्ये जमलेल्या उलेमांनी ज्यूंना जमीन विकणाऱ्यांविरुद्ध फतवा काढला. आणि हैफात इज्जुद्दीन अल-कस्साम हे इमाम, शरियत कोर्टाच्या वतीने लग्ने नोंदवणारे. नोंदणीसाठी खेडोपाडी फिरता फिरता त्यांनी माणसे जोडली, हत्यारे जमवली. नोव्हेंबर १९३५ मध्ये ते ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात पडले. पुढच्या एप्रिलमध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला आणि त्याचे नेतृत्व करणाऱ्या अरब उच्च समितीचे अध्यक्ष होते हाजी अमीन.

सप्टेंबर १९३७ मध्ये नाझरेथमध्ये ब्रिटिश जिल्हा अधिकारी लुईस अँड्र्यूज यांचा खून झाला. सरकारने उच्च समिती बेकायदा ठरवली आणि हाजी अमीन यांना परिषदेच्या अध्यक्षपदावरून काढले. ते पवित्र आवारात जाऊन बसले. तिथे शिपाई घुसवायची हिंमत ब्रिटिशांना झाली नाही. ऑक्टोबरमध्ये ते निसटून लेबनॉनला गेले, पुढे बर्लिनला, हिटलरच्या भेटीला. नाझींसाठी त्यांनी केलेल्या प्रचाराला कोणतीही सबब पुरत नाही. वक्फ चालवायला सरकारने ब्रिटिश अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. म्हणजे १९२१ मध्ये जे टाळायचे होते तेच अखेर करावे लागले. मुफ्तीपद मात्र हाजी अमीन यांच्याकडून काढून घेता आले नाही.

ते काम डिसेंबर १९४८ मध्ये, पूर्व जेरुसलेम जॉर्डनच्या ताब्यात आल्यावर, तिथले राजा अब्दुल्ला यांनी केले, आणि नवे मुफ्ती म्हणून नेमले ते हुसामुद्दीन जारल्लाह यांना. १९६७ मध्ये इस्रायलने पूर्व जेरुसलेम घेतले, तरी आवाराचा कारभार आणि तिथल्या नोकरांचे पगार जॉर्डनच्या वक्फ खात्याकडे राहिले. दरवाज्यांवर इस्रायली पोलीस आले. ऑक्टोबर १९९४ मध्ये तेव्हाचे मुफ्ती वारले तेव्हा जॉर्डनने एक आणि यासर अराफात यांच्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाने दुसरा, असे दोन मुफ्ती एकाच वेळी नेमले.