न्यू जर्सीत मतदार नोंदणी: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज नेमका कुठे अडतो

न्यू जर्सीत मतदार नोंदणी फुकट होते, ऑनलाइन होते आणि सगळं हाताशी असेल तर चहा निवायच्या आत उरकते. तरीही एडिसन, प्लेन्सबरो, जर्सी सिटीकडच्या आपल्या मंडळींचे प्रश्न दर निवडणुकीआधी तेच असतात. यादीत नाव सापडत नाही. जूनमध्ये केंद्रावर गेलो तर हव्या त्या पक्षाची मतपत्रिका दिली नाही. घरी आलेली मतपत्रिका घेऊन केंद्रावर गेलो तर ती कुणी घेतली नाही. अर्जाच्या पायऱ्या सरकारी संकेतस्थळावर आहेतच. इथे भर आहे तो माणसं जिथे अडकतात त्या जागांवर.

आधी राज्याबद्दल थोडं, कारण बऱ्याच चुकांचं मूळ तिथेच आहे. अनेकांना वाटतं, राष्ट्राध्यक्षांची निवडणूक दर चार वर्षांनी येते, तेव्हा बघू. पण न्यू जर्सी आणि व्हर्जिनिया ही दोनच राज्यं अशी, की जिथे गव्हर्नर अध्यक्षीय निवडणुकीच्या पुढच्याच वर्षी निवडला जातो. २०२१ मध्ये फिल मर्फी, २०२५ मध्ये मिकी शेरिल. इथल्या गव्हर्नरच्या हातात फार सत्ता आहे. राज्य सरकारातल्या पदांपैकी राज्यभरातले मतदार फक्त गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर निवडतात. अॅटर्नी जनरल आणि न्यायाधीश गव्हर्नर नेमतो, त्याला राज्याच्या सेनेटची संमती लागते. अर्थसंकल्पातली एखादी रक्कम एकटा गव्हर्नर खोडू शकतो. राजधानी ट्रेंटनमधल्या विधिमंडळात ४० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून एक सेनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य जातात, म्हणजे एकूण १२०. त्या सगळ्या जागांची निवडणूक २०२७ मध्ये आहे. प्रॉपर्टी टॅक्सबद्दल आपण प्रत्येक पार्टीत तक्रार करतो. तो ठरवणारी शाळा मंडळं, नगरपालिका आणि काउंटीसुद्धा याच मतदार यादीतून निवडून येतात.

पात्रता

तुम्ही अमेरिकेचे नागरिक हवेत. निवडणुकीच्या दिवशी वय १८ पूर्ण हवं (नोंदणी १७ व्या वर्षीही करता येते) आणि त्या दिवसापर्यंत काउंटीत ३० दिवस वास्तव्य झालेलं हवं. गंभीर गुन्ह्यासाठी सध्या तुरुंगात असलेल्यांना मत नाही, प्रोबेशन किंवा पॅरोलवर असलेल्यांना आहे. २०२६ पासून आणखी एक सोय आहे: नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत १८ पूर्ण होणार असतील, तर १७ वर्षांच्या मुलांना जूनच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) मत देता येतं. बारावीतल्या मुलांच्या आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावं.

पहिल्या अटीवर मात्र थांबायला हवं, कारण इथली चूक नुसता अर्ज फेटाळण्यावर भागत नाही.

ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. एच-१बी, एच-४ व्हिसा तर नाहीच नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घोटाळा होतो तो मोटर व्हेइकल कमिशनच्या खिडकीवर. २०१८ पासून लायसन्स काढताना किंवा नूतनीकरण करताना मतदार नोंदणीचा प्रश्न त्याच व्यवहारात येतो आणि तुम्ही नकार दिला नाही तर नोंदणी पुढे सरकते. मागे रांग असते, समोरचा माणूस घाईत असतो, आणि इंग्रजीची सवय नसलेल्या आजी-आजोबांना वाटतं, सगळ्याला हो म्हणायचं असतं. तुम्ही नागरिक नसाल तर नागरिकत्वाच्या आणि नोंदणीच्या प्रश्नाला स्पष्ट ‘नाही’ म्हणा, सही करायच्या आधी वाचा, समजलं नाही तर विचारा. मॉलबाहेर किंवा मंदिराच्या पार्किंगमध्ये क्लिपबोर्ड घेऊन उभ्या असलेल्या भल्या स्वयंसेवकालाही हेच सांगा. नागरिक असल्याचा खोटा दावा, मग तो अनवधानाने का असेना, इमिग्रेशनच्या कायद्यात फार जड पडतो. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात कधी मतदार नोंदणी केली होती का, कधी मत दिलं होतं का, हे थेट विचारलेलं असतं. चुकून नाव लागलंच असेल तर मत देऊ नका, आणि नाव काढायचं पत्र स्वतःच्या मनाने लिहिण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. त्या पत्रातली वाक्यंही पुढे तुमच्या फाइलमध्ये बघितली जाऊ शकतात.

दुसरा गैरसमज मुलाखतीचा. मुलाखत उत्तीर्ण झाली म्हणजे नागरिक झालो असं मानून काहीजण त्याच संध्याकाळी अर्ज भरतात. तुम्ही नागरिक होता ते शपथ घेतल्यावर. शपथविधीची तारीख पुढे ढकलली गेली तर नोंदणीही थांबवा, मग भले शेवटची तारीख निघून जावो.

आणि एक भारतातलं काम. अमेरिकेची शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व संपतं. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर तिकडे मत देता येत नाही. पुण्याच्या किंवा सांगलीच्या यादीत तुमचं नाव अजून असेल तर फॉर्म ७ भरून ते काढायला सांगा. सुट्टीत गावी गेल्यावर केंद्रावर जायचा मोह होतो म्हणून हे लिहिलं.

कागदपत्रं

इथे लोक उगीच फाइल घेऊन धावतात. नेहमीच्या अर्जाला जन्मदाखला, पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र यातलं काही जोडावं लागत नाही. न्यू जर्सीच्या लायसन्सचा किंवा ओळखपत्राचा क्रमांक, आणि तो नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लागतात. यातला कुठलाही क्रमांक दिला नाही किंवा तो जुळला नाही, तर पहिल्यांदा मत देताना ओळखपत्र, नाहीतर नाव आणि पत्ता असलेलं वीजबिल किंवा बँकेचं स्टेटमेंट दाखवावं लागू शकतं. एरवी केंद्रावर तुमची सही पाहतात. भारतातल्यासारखं मतदार कार्ड इथे नसतं, त्याची वाट पाहू नका.

क्रमांक ज्या नावावर आहे तेच नाव अर्जात नसणं, हे आपल्याकडचं खरं दुखणं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव, हा आपला साचा इथल्या रकान्यांत नीट बसत नाही. पासपोर्टवर पहिली दोन नावं एकत्र, सोशल सिक्युरिटीकडे मधलं नाव वेगळं, लायसन्सवर मधल्या नावाचं एकच अक्षर, आणि नागरिक होताना कुणी आडनाव बदललेलं. मग यादीत नाव शोधलं की सापडत नाही, कारण ते दुसऱ्याच रूपात असतं. म्हणून क्रम असा ठेवा: शपथ झाल्यावर आधी सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात नाव आणि नागरिकत्वाची नोंद दुरुस्त करा, मग लायसन्स, आणि मग लायसन्सवर अक्षरशः जसं आहे तसं नाव मतदार अर्जात लिहा. नोंदणीची मुदत तोंडावर आली असेल तर या दुरुस्त्यांसाठी अडून बसू नका. सध्याच्या लायसन्सवरचं नाव लिहून अर्ज करा आणि दुरुस्ती मागाहून करा.

सहीचंही तसंच. मराठीत सही करायची सवय असेल तर खुशाल करा, पण नोंदणीत केली तशीच पुढे प्रत्येक ठिकाणी करा. नोंदणीला देवनागरी आणि टपाली मतपत्रिकेच्या पाकिटावर इंग्रजी असं झालं तर पाकीट बाजूला काढलं जातं. मग काउंटीकडून सही न जुळल्याचं पत्र येतं. ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकू नका. सोबतचा फॉर्म भरून त्यात दिलेल्या तारखेच्या आत परत पाठवला तर मत मोजलं जातं.

राहत्या घराचा पत्ता म्हणून पोस्ट बॉक्स चालत नाही. दुसऱ्या काउंटीत घर बदललं तर नव्याने नोंदणी करा. रटगर्स विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांना हॉस्टेलचा किंवा घरचा, यातला एकच पत्ता देता येतो.

अर्ज राज्याच्या निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर करता येतो, किंवा कागदी फॉर्म काउंटीला टपालाने पाठवता येतो. मुदत निवडणुकीच्या २१ दिवस आधीची. ३ नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीसाठी ती १३ ऑक्टोबर होते.

पक्षाचा रकाना

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात आणि फॉर्मवर याचं धड स्पष्टीकरणही नाही, याचा मला खरोखर राग येतो.

अर्जात पक्ष विचारतात, तो ऐच्छिक आहे. बरेचजण घाबरून रिकामा सोडतात. नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्याने काहीच फरक पडत नाही, कुठल्याही पक्षाचा मतदार कुणालाही मत देऊ शकतो. पण राज्याचे बरेच मतदारसंघ एका बाजूला इतके झुकलेले आहेत की खरा निर्णय जूनच्या प्रायमरीतच होतो. २०२५ च्या जूनमध्ये गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी सहाजण उभे होते. शेरिल जिंकल्या त्या साधारण एक तृतीयांश मतांवर. जूनमध्ये घरी बसलेल्याला नोव्हेंबरमध्ये उरलेल्या नावांतूनच निवडावं लागतं.

त्यात इथली प्रायमरी वर्षानुवर्षं काउंटीतल्या पक्षनेत्यांच्या मुठीत होती. २१ पैकी १९ काउंट्यांत पक्षाने पुरस्कृत केलेले सगळे उमेदवार मतपत्रिकेवर एकाच रांगेत छापले जात आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात ढकलले जात. तेव्हा अमेरिकन सेनेटच्या उमेदवारीसाठी उभे असलेले काँग्रेस सदस्य अँडी किम यांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि मार्च २०२४ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने, न्यायाधीश झाहिद कुरैशी यांनी, ती पद्धत डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती थांबवली. आता पदानुसार उमेदवारांची नावं एकत्र छापतात. सामान्य मतदाराच्या जूनच्या मताला त्यामुळे पूर्वीपेक्षा जास्त वजन आलं आहे, आणि नेमकं तेच मत आपण वाया घालवतो.

नियम असा. कुठल्याच पक्षात नोंद नसेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन यातला एक पक्ष जाहीर करता येतो आणि त्याची मतपत्रिका मिळते. त्यानंतर तुमची नोंद त्या पक्षात राहते. एका पक्षात आधीच नोंद असेल आणि दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं असेल, तर मात्र ५५ दिवस आधी फॉर्म भरावा लागतो. २०२६ ची प्रायमरी २ जूनला, म्हणजे ही मुदत ८ एप्रिल. लोक २१ दिवसांची मुदत सगळ्यालाच लागू आहे असं धरून चालतात आणि मे महिन्यात फॉर्म पाठवतात. तोवर वेळ टळून गेलेली असते. काही वर्षांपूर्वी एखाद्या प्रायमरीत मत दिलं असेल तर ती नोंद अजून तशीच असणार, म्हणून मार्चमध्येच संकेतस्थळावर स्वतःची नोंद उघडून पाहा.

तुमचा पक्ष आणि तुम्ही कोणकोणत्या निवडणुकांत मत दिलं हे यादीत दिसतं. कुणाला दिलं हे कुणालाही दिसत नाही.

टपाली मतपत्रिका

एकदा अर्ज केला की पुढच्या निवडणुकांतही ती आपोआप घरी येत राहते आणि हे लोक विसरतात. मग केंद्रावर जातात तेव्हा मशिनवर मत देता येत नाही, प्रोव्हिजनल मतपत्रिका भरावी लागते. ती पडताळणीनंतर मोजतात, पण तिथे वाद घालून काही होत नाही. केंद्रावर जाऊनच मत द्यायचं असेल तर टपाली यादीतून नाव काढायचा फॉर्म आधीच काउंटी क्लार्ककडे द्या. कुठल्याच पक्षात नोंद नसलेल्यांना प्रायमरीची मतपत्रिका आपोआप येत नाही, तीही तक्रार दर जूनमध्ये ऐकू येते.

भरलेली मतपत्रिका केंद्रावर स्वीकारत नाहीत. ती काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये निवडणुकीच्या रात्री ८ पर्यंत टाका किंवा टपालाने पाठवा. टपालाचा शिक्का निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा हवा. शिक्क्याच्या भरवशावर शेवटच्या दिवशी राहू नका, ड्रॉप बॉक्स बरा. आतल्या पाकिटाला जोडलेला सहीचा कागद फाडून वेगळा करू नका. शेजारच्या काकूंचं पाकीट तुम्ही नेऊन देणार असाल तर पाकिटावर तुमचंही नाव आणि सही लागते, आणि एका निवडणुकीत तिघांचीच पाकिटं नेता येतात, तुमच्याच घरात राहणाऱ्या जवळच्या कुटुंबीयांची असतील तर पाच.

चौकशीला फोन करताना एवढं लक्षात ठेवा: टपाली मतपत्रिका पाठवतो काउंटी क्लार्क, भरलेली परत घेतं आणि मोजतं बोर्ड ऑफ इलेक्शन्स, आणि नोंदणी काही काउंट्यांत याच बोर्डाकडे तर काही ठिकाणी सुपरिंटेंडंट ऑफ इलेक्शन्सकडे असते. चुकीच्या ठिकाणी फोन लावला तर दुसरा नंबर मिळतो आणि मुदतीच्या आठवड्यात त्यात एक दिवस सहज जातो. नागरिकाने तीन कार्यालयांची वाटणी पाठ करावी ही अपेक्षाच चुकीची आहे, पण सध्या ती आहे.

मतदानाच्या दिवशी

केंद्रं सकाळी ६ ते रात्री ८ उघडी असतात. २०२१ पासून आधीच्या काही दिवसांत काउंटीतल्या ठराविक केंद्रांवर मत देण्याचीही सोय आहे. नोव्हेंबरमध्ये ती नऊ दिवस असते आणि गर्दी कमी असते. ज्येष्ठांना तेव्हाच न्या.

नागरिक झालेल्या पण इंग्रजी वाचायला अडणाऱ्या आईवडिलांसोबत मुलगा, सून, नातू, शेजारी, कुणीही मदतनीस म्हणून मतदानाच्या जागेपर्यंत जाऊ शकतं. मालक किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी तेवढा चालत नाही. हा हक्क संघराज्याच्या कायद्याने दिलेला आहे. केंद्रावरच्या एखाद्या कर्मचाऱ्याने अडवलं तर आवाज न चढवता तिथल्या प्रमुखाला बोलवा, ऐकलं नाही तर तिथूनच काउंटीच्या बोर्ड ऑफ इलेक्शन्सला फोन लावा. आणि मत आईवडिलांचं आहे. बटण कुठलं दाबायचं ते त्यांनाच ठरवू द्या.