कॅन्सल की टर्मिनेट? पोस्टग्रेसमध्ये डेटाबेस ड्रॉप होत नाही तेव्हा

पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेस काढून टाकणारी ड्रॉप डेटाबेस ही कमांड चालवल्यावर 'डेटाबेस इज बीइंग ॲक्सेस्ड बाय अदर यूजर्स' अशी एरर आली, की बरेच जण आधी पीजी_कॅन्सल_बॅकएंड हे क्वेरी रद्द करणारं फंक्शन चालवून बघतात. फंक्शन ट्रू देतं, तरी ड्रॉप पुन्हा तिथेच अडतो.

कॅन्सल म्हणजे बॅकएंडला (एकेका कनेक्शनसाठी चालणाऱ्या सर्व्हर प्रोसेसला) सिगइंट हा सिग्नल. चालू क्वेरी थांबते, कनेक्शन तसंच राहतं. ड्रॉपला क्वेरीशी देणंघेणं नाही. त्या डेटाबेसवर दुसरं एकही सेशन (जोडलेलं कनेक्शन) नको, एवढीच त्याची अट. आणि अडवणारी सेशन्स बहुतेक आयडल, म्हणजे नुसती जोडलेली असतात: ॲपच्या कनेक्शन पूलने (पुन्हा वापरायच्या कनेक्शन्सच्या साठ्याने) धरून ठेवलेली, किंवा कुणाच्या उघड्या पीजीॲडमिन या टूलची. तिथे रद्द करायला क्वेरीच नसते. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून थांबलेल्या सेशनवरही कॅन्सलचा परिणाम शून्य. लाइव्ह डेटाबेसवरचा रेंगाळलेला रिपोर्ट थांबवायचा, पण ॲप तोडायचं नाही, अशा वेळी कॅन्सल योग्य.

टर्मिनेट, म्हणजे पीजी_टर्मिनेट_बॅकएंड, सिगटर्म हा सिग्नल पाठवतं: अर्धवट ट्रान्झॅक्शन रोलबॅक होतं, लॉक सुटतात, कनेक्शन तुटतं. आधी 'पोस्टग्रेस' या डेटाबेसला जोडून घ्या, कारण आपण ज्यात आहोत तो ड्रॉप होत नाही. मग चालू सेशन्सची यादी असलेल्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीवरून, आपलं सेशन वगळून ('विक्री_चाचणी'च्या जागी आपल्या डेटाबेसचं नाव):

सिलेक्ट पीजी_टर्मिनेट_बॅकएंड(पीआयडी) फ्रॉम पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी व्हेअर डेटनेम = 'विक्री_चाचणी' अँड पीआयडी <> पीजी_बॅकएंड_पीआयडी();

इथेही ट्रू म्हणजे फक्त सिग्नल गेला. ड्रॉप स्वतः साधारण 5 सेकंद वाट बघतो, त्यामुळे तेवढ्याने सहसा अडत नाही. खरी अडचण पूलची. तोडलेलं कनेक्शन तो लगेच पुन्हा जोडतो. म्हणून टर्मिनेटच्या आधी 'अल्टर डेटाबेस विक्री_चाचणी विथ अलाउ_कनेक्शन्स फॉल्स' चालवा. नुसतं रिव्होक कनेक्ट (जोडण्याचा अधिकार काढणं) किंवा कनेक्शन लिमिट 0 सुपरयूजरला (सगळे अधिकार असलेल्या यूजरला) रोखत नाही, आणि कितीतरी ॲप्स सुपरयूजर म्हणूनच जोडलेली सापडतात.

आवृत्ती 13 पासून 'ड्रॉप डेटाबेस विक्री_चाचणी विथ (फोर्स)' हे सगळं एका फटक्यात करतं. आम्ही तेच वापरा म्हणू. मात्र प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन (दोन टप्प्यांच्या कमिटसाठी तयार करून ठेवलेलं, अजून न संपलेलं ट्रान्झॅक्शन) उरलं असेल तर फोर्सही नकार देतो आणि टर्मिनेटही उपयोगी पडत नाही, कारण ते कुठल्याच सेशनला बांधलेलं नसतं. त्यांच्या यादीत, पीजी_प्रिपेअर्ड_झॅक्ट्समध्ये, शोधून रोलबॅक प्रिपेअर्ड करा. ते त्याच डेटाबेसमध्ये शिरून करावं लागतं, म्हणजे बंद केलेली कनेक्शन्स तेवढ्यापुरती उघडा.

ऑपरेटिंग सिस्टिमवरून किल -9 (प्रोसेस जबरदस्तीने मारणारी कमांड) मात्र देऊ नका: एक बॅकएंड तसा मेला, की पोस्टग्रेस सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसची सेशन्स तोडून रिकव्हरीत (क्रॅशनंतरच्या दुरुस्तीत) जातं.