बिलिंग्सगेट : बाजाराचं नाव शिवीगाळीला कसं चिकटलं

मुंबईत सभागृहात गोंधळ झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'मासळीबाजार' हमखास येतो. इंग्रजीत याच जातीचा शब्द आहे 'बिलिंग्सगेट', म्हणजे अद्वातद्वा, घाणेरडी शिवीगाळ. मुळात हा लंडनमधला थेम्सकाठचा धक्का. पूर्वी तिथे मासळीबरोबर धान्य, कोळसा, मीठही उतरे. १६९९ मध्ये कायद्याने तो मासळीचा खुला बाजार ठरला. शिवीगाळीचा अर्थ मात्र त्याआधीच, सतराव्या शतकात रुळला होता.

त्याच्या जोडीला 'फिशवाइफ' येतो, आणि खरा घोळ तिथे आहे. जुन्या इंग्रजीत 'वाइफ' म्हणजे कुणाची बायको नव्हे, नुसती बाई. फिशवाइफ म्हणजे मासे विकणारी बाई. हे धंद्याचं नाव. पुढे त्याला 'तोंडाळ बाई' हा अर्थ चिकटला. मराठीत त्याचं भाषांतर सर्रास 'कोळीण' होतं. पण कोळीण ही समाजाचीही ओळख आहे. वरळी कोळीवाड्यातली मुलगी बँकेत नोकरीला लागली तरी कोळीणच असते. तिकडच्या एका बाजाराची बदनामी आपण इकडे अख्ख्या समाजाच्या माथी मारतो. माझ्या मते धंदा सांगायचा असेल तर 'मासळीवाली' लिहावं, स्वभाव सांगायचा असेल तर 'कजाग' किंवा 'तोंडाळ'. 'कोळीण' दोन्हीकडे चुकीचं आहे.

शिवाय बिलिंग्सगेटच्या बाजारात पाट्या वाहणारे परवानाधारक हमाल पुरुष होते. त्यांच्या तोंडचे शब्दही काही सोवळे नव्हते, तरी नाव बायकांचंच झालं. १९८२ मध्ये बाजार पूर्वेला जुन्या गोद्यांच्या भागात हलला, २०१२ मध्ये हमालांचे परवानेही गेले. शब्दकोशातला अर्थ तेवढा राहिला.

आपल्याकडे मुंबईत मासळी उतरते तो ससून डॉक १८७५ चा. तिथे पहाटे लिलाव चालतो तेव्हा आवाज चढतोच. बर्फ वितळत असतो, माल नासायच्या आत खपवायचा असतो, गिऱ्हाईक गर्दीत मागे उभं असतं. दर ओरडूनच सांगावा लागतो. लांबून ऐकणाऱ्याला ते भांडण वाटतं.

शिव्यांच्या भडिमारासाठी मराठीत 'शिमगा' आहेच. फाल्गुनातल्या होळीला बोंब मारायची, शिव्या द्यायची मोकळीक असे, त्यावरून 'शिमगा करणे' आलं. त्यात कुणाच्या जातीचं, धंद्याचं नाव नाही. बातमीच्या मथळ्यातही तो चपखल बसतो.