पाण्यातील विद्राव्यता

ठरावीक तापमानाला पाण्यात एखादा पदार्थ जास्तीत जास्त किती विरघळतो, त्या प्रमाणाला त्याची विद्राव्यता म्हणतात. 25° से. तापमानाच्या 100 ग्रॅम पाण्यात मीठ सुमारे 36 ग्रॅम विरघळते, साखर 200 ग्रॅमच्या आसपास. सिल्व्हर क्लोराइड मात्र लिटरभर पाण्यात जेमतेम 2 मिलिग्रॅम. त्यामुळे ‘अविद्राव्य’ याचा अर्थ ‘अत्यंत कमी विद्राव्य’ असाच घ्यावा.

पाण्याचा रेणू वाकलेला असतो. त्याच्या दोन बंधांमधला कोन सुमारे 104.5° भरतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, म्हणून त्या बाजूला थोडा ऋणभार आणि हायड्रोजनांच्या बाजूला थोडा धनभार येतो. मिठाचा खडा पाण्यात पडला की कडा-कोपऱ्यांवरचे आयन (विद्युतभारित कण: सोडियमचे धन, क्लोराइडचे ऋण) लवकर सुटतात, कारण त्यांना धरून ठेवणारे शेजारी कमी असतात. सुटलेल्या सोडियमभोवती पाण्याचे रेणू ऑक्सिजनची बाजू आत करून जमतात, क्लोराइडभोवती हायड्रोजनची. खडा कोपऱ्यांनी झिजत गोलसर होतो तो यामुळेच.

या क्रियेत थोडी उष्णता शोषली जाते. ऊर्जेच्या हिशेबात मिठाचे विरघळणे किंचित तोट्याचेच. पण स्फटिकात जखडलेले आयन पाणीभर विखुरतात, एन्ट्रॉपी, म्हणजे विखुरलेपणाचे माप, वाढते आणि पारडे विरघळण्याकडे झुकते.

आयनांचे बनलेले सगळेच पदार्थ विरघळतात असे मात्र नाही. सिल्व्हर नायट्रेटच्या नितळ द्रावणात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला की क्षणात पांढरा साका धरतो. चांदी आणि क्लोराइड यांचे आयन एकमेकांना इतके घट्ट धरतात की पाण्याच्या वेढ्याचा जोर तिथे अपुरा पडतो.

तेल आणि पाणी एकमेकांना दूर लोटतात, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. त्यांच्या रेणूंमध्ये क्षीण का होईना, आकर्षणच असते. पण पाण्याचे रेणू आपसांत हायड्रोजन बंधांनी, म्हणजे एकाचा हायड्रोजन आणि दुसऱ्याचा ऑक्सिजन यांच्यातल्या ओढीने, गुंतलेले असतात. तेलाचा रेणू मध्ये आला की हे बंध टिकवण्यासाठी त्याच्या भोवतालच्या पाण्याला मोजक्याच दिशांनी बसावे लागते. त्याची मोकळीक जाते, एन्ट्रॉपी घटते. तेलाचे थेंब एकत्र आले की पाण्याला टेकणारा पृष्ठभाग कमी होतो आणि अडकलेले पाणी मोकळे होते.

अल्कोहोलांच्या मालिकेत ही ओढाताण पायरीपायरीने दिसते. दोन कार्बनांचे इथेनॉल पाण्यात कितीही मिसळते, चार कार्बनांचे सरळ साखळीचे ब्युटेनॉल 100 मिलिलिटरमध्ये सात-आठ ग्रॅमवर थांबते, आणि आठ कार्बनांचे ऑक्टेनॉल जवळजवळ विरघळतच नाही. पाण्याशी बंध जोडणारा हायड्रॉक्सिल गट तिघांतही एकच. लांबते ती कार्बनची शेपटी.

तापमान वाढले की बहुतेक घन पदार्थ जास्त विरघळतात, मिठात मात्र फरक नगण्य. हवेतून विरघळणाऱ्या ऑक्सिजनचे उलट: 0° से.ला लिटरमागे सुमारे 14.6 मिलिग्रॅम, तर 25° से.ला 8.3.

बेरियमचे आयन विषारी आहेत. तरीही अन्ननलिका व आतड्यांच्या क्ष-किरण तपासणीसाठी रुग्णाला बेरियम सल्फेट पाजतात. ते लिटरमध्ये दोन-तीन मिलिग्रॅमच विरघळत असल्याने रक्तात शोषले जात नाही आणि जसेच्या तसे शरीराबाहेर पडते.